‘बोलविता धनी’ : अर्थ आणि वापर

धागा :
मी एका साप्ताहिकात मुद्रितशोधन करतो. या आठवड्यात एकाच पानावर दोन मोर्च्यांच्या बातम्या आल्या. दोन्हीकडे माणसं टेम्पोतून आली होती, दोन्हीकडे झेंडे होते. एका बातमीचं शीर्षक ‘या मोर्च्याचा बोलविता धनी कोण?’, दुसऱ्या बातमीत ‘उत्स्फूर्त जनआक्रोश’. ‘बोलविता धनी’ हा मुळात आरोपाचाच शब्द आहे का?

प्रतिसाद :
नाही हो. तुकोबांच्या अभंगातून आलाय तो. ‘साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाची॥’ म्हणजे गाथेत ‘शिकविता’ आहे, बोलण्यात ‘बोलविता’ रुळलं. साळुंकी गोड बोलते, पण तिला शिकवणारा दुसराच. तसं मी बोलतो ते माझ्या बळावर नाही, भगवंत बोलवतो, असं तुकोबा स्वतःबद्दल सांगतात. आज हे कुणीच स्वतःबद्दल म्हणत नाही. प्रथमपुरुषी नम्रता तृतीयपुरुषात गेली आणि समोरच्याची जीभ भाड्याची आहे असं सांगायला वापरात आली. मला याचं खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद :
याच घरातला नवा शब्द ‘आंदोलनजीवी’. पंतप्रधान मोदींनी तो ८ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत वापरला, तेव्हा शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसलेले होते. घडण निर्दोष आहे. ‘-जीवी’ म्हणजे त्यावर उपजीविका करणारा : श्रमजीवी, बुद्धिजीवी, अगदी पाणिनीच्या सूत्रातला आयुधजीवी. पण त्याच भाषणात शेजारी ‘परजीवी’ आला (मराठीत आपण ‘परोपजीवी’ म्हणतो) आणि वास बदलला. ज्या तीन कृषी कायद्यांवरून हे सगळं चाललं होतं ते मागे घेत असल्याची घोषणा त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला झाली.
आणि हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. इंदिराबाईंच्या काळात ‘परकीय हात’ होता. २०११ मध्ये अण्णा हजारे उपोषणाला बसले तेव्हा यामागे संघ आहे असं काँग्रेसचे नेते सांगत होते. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका फटक्यात साडेसात रुपयांनी महागलं, भाजपने ३१ मेला भारत बंद केला. २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा रस्त्यावर काँग्रेस होती. आमच्या कट्ट्यावर ‘निव्वळ राजकारण’ आणि ‘जनतेचा संताप’ या दोन शब्दांनी तेवढ्यात जागा बदलून घेतल्या. बोलणारी तोंडं तीच.

प्रतिसाद :
मी विक्रोळीचा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च आला तेव्हा आम्ही हायवेवर पाणी वाटत होतो. एका आजींच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला, टाचेचं कातडं सोललेलं. मी विचारलं, “आजी, कोणी आणलं तुम्हाला?” तेव्हा तोच संशय माझ्याही मनात होता. त्या म्हणाल्या, “गावच्या कमिटीनं सांगितलं, म्हणून आले. कसतो ती जमीन नावावर पायजे.” दोन्ही वाक्यं एका श्वासात. म्हणजे आणलं होतंच, आणि मागणीही त्यांचीच होती. आपण पहिलं वाक्य ऐकून दुसरं खोटं ठरवतो.
दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक जण म्हणाला, “हे शेतकरीच नाहीत, सातबारा कुठाय यांच्याकडे?” अरे, आदिवासी कसतात ती वनजमीन त्यांच्या नावावर करायचा वनहक्क कायदा २००६ चा, आणि तो सातबारा मिळत नाही म्हणून तर ती बाई पावणेदोनशे किलोमीटर चालून आली! दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून ते सगळे शेवटचा टप्पा रात्रीच चालले आणि पहाटे आझाद मैदानावर पोचले. तरी ‘मुंबईला वेठीस धरलं’ म्हणणारे होतेच.

प्रतिसाद :
‘वेठीस धरणे’वरून : वेठ म्हणजे फुकट, सक्तीची राबणूक. १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी ही वेठ नाकारली, तीही याच किसान सभेच्या बळावर. ज्यांना खरोखर वेठीला धरलं गेलं त्यांच्यावरच तो शब्द उलटावा, हे मला सहन होत नाही. लोकल अर्धा तास अडली तर ‘खोळंबा झाला’ लिहा, पुरेसं आहे.

धागाकर्ता :
आभार. संपादकांशी बोललो. आधी म्हणाले, “धनी आहेच ना त्यांचा!” मी म्हटलं, “मग दुसऱ्या मोर्च्याचाही लिहू.” आता पहिल्या बातमीत संघटनेचं नाव घालून ‘... यांनी काढलेला मोर्चा’ केलंय, दुसऱ्यात पक्षाचं नाव घालून तेच. ‘उत्स्फूर्त’ काढलं. मागण्यांचा परिच्छेद दोन्हीकडे शेवटी होता, तो वर घेतलाय. पान रात्री छपाईला जातंय.