विषय: ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा, सोलापूरहून एक प्रश्न

मंडळातल्या सर्वांना नमस्कार. हा पत्ता नणंदेने दिला. मिस्टर मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ९ वर्षं मेंटेनन्सला आहेत. एजंट म्हणतो, ऑस्ट्रेलियातलं राज्य सरकारच स्पॉन्सर करतं, नोकरी ठरलेली, फक्त दोन लाख आधी भरा. शनिवारपर्यंत सांगायचंय. सासूबाईंनी पाटल्या काढून ठेवल्यात.

— सोलापूर

———

ताई, शनिवारी काहीही भरू नका. पाटल्या कपाटात परत ठेवा.

‘स्पॉन्सर’ या शब्दानेच घात होतो. कंपनी स्पॉन्सर करते तेव्हा नोकरी असते. राज्य देतं ते नामांकन. या कामाची माणसं आम्हाला हवीत, एवढंच ते म्हणतं. हे व्हिसे गुणांवर मिळतात. नामांकनाचे ४९१ ला १५ गुण, १९० या कायमच्या व्हिसाला ५. व्हिसा केंद्र सरकार देतं, आणि नोकरी इथे उतरल्यावर आपली आपण शोधायची. मला सात महिने लागले. तोवर गोदामात रात्रपाळी केली.

गुण असे: वयाचे २५, पदवीचे १५, आठ वर्षांवरच्या अनुभवाचे १५, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ आले तर १०. वर नामांकनाचे १५. किमान ६५ लागतात, पण व्हिसाचा अर्ज करायचं बोलावणं बहुधा त्याहून जास्त गुणांना येतं. तुम्ही स्वतः चारही भागांत ६ आणलेत तर आणखी ५. म्हणून परीक्षा तुम्हीही द्या.

खरी अडचण अनुभवाची. आपल्याकडे छोट्या कारखान्यांत पगार अर्धा बँकेत, अर्धा हातात, नाहीतर सगळाच रोख. माझी साडेतीन वर्षं अशीच गेली. मालकांनी पत्र मनापासून दिलं, पण पगार मिळाल्याचा पुरावाच नव्हता. त्या वर्षांचा एकही गुण मला मागता आला नाही. ते अजून सलतं, कारण काम मी खरंच केलं होतं. तेव्हा आधी फॉर्म १६, पीएफचं पासबुक आणि बँकेचे उतारे वर्षावार लावून बघा. लेटरहेडवर हुद्दा नको नुसता, रोज काय काम करतात ते लिहून घ्या.

मग इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेकडून पात्रता तपासून घ्यायची. त्यात स्वतःच्या कामाचे तीन प्रसंग लिहावे लागतात. एजंट तयार मजकूर विकतात, तो घेऊ नका. नक्कल सापडली की अर्ज गेला. रेपियर लूम बंद पडल्यावर मिस्टरांनी काय केलं, ते त्यांच्याइतकं कोण सांगणार? त्यानंतर स्किलसिलेक्ट या सरकारी वेबसाइटवर व्हिसाची इच्छा नोंदवायची, ती फुकट असते.

४९१ पाच वर्षांचा. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं. अ‍ॅडलेड, पर्थ चालतात. तीन वर्षांनी १९१ म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. तुम्ही आणि मुलं सोबत येऊ शकता. सासू-सासरे या व्हिसात बसत नाहीत. हे घरात आत्ताच बोला, तिकीट काढताना नको.

— अ‍ॅडलेड, मूळचा साखर पेठेतला

———

दादा, काल रात्री पासबुक उघडलं. पहिली दोन वर्षं कोरी आहेत. सात उरतात, म्हणजे अनुभवाचे १०च ना? एजंटला नाही कळवलं. मालकांकडे पत्र मागायला मिस्टर सोमवारी जातायत. सासऱ्यांना सांगितलं, ते जेवताना काही बोलले नाहीत, सकाळी म्हणाले, परीक्षेचा फॉर्म दोघांचा भरा.

— सोलापूर