बटण दाबलं आणि पीसी ढिम्म: तुमचे अनुभव लिहा

डेस्कटॉप चालू होईना म्हणून डोकं धरून बसलेले इथे कोण कोण आहेत? 'मदरबोर्ड गेला' असं ऐकायला मिळालं आणि निघालं भलतंच, असे किस्से आधी येऊ द्या.

सुरुवात मीच करतो. बटण दाबलं की पंखा एक गिरकी घ्यायचा आणि गप्प. माउसचा लाल दिवा मात्र जळत होता, म्हणजे ५ व्होल्टचा स्टँडबाय (पीसी बंद असतानाही चालू राहणारा) पुरवठा येत होता. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डावरून काढून हिरवी वायर पेपरक्लिपने काळीला जोडली. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा मस्त फिरला. बरेच जण इथेच 'एसएमपीएस ओके' म्हणून मोकळे होतात. पण लोड म्हणून जुनी हार्ड डिस्क जोडून मल्टिमीटर लावला, तर पिवळ्या वायरवर जेमतेम १० व्होल्ट. १२ च्या जागी ११.४ पर्यंत चालतं, त्याखाली नाही. एसएमपीएस बदलला, बोर्ड अजून तोच आहे.

*

आम्ही कोकणातले, त्यामुळे आमची गोष्ट पालीची. पावसाळ्यात प्लग लावला की एमसीबी खाली. दुरुस्तीवाल्या दादांनी एसएमपीएस उघडला, तर जाळीतून शिरलेली पाल आत सोल्डरिंगवर आडवी चिकटलेली, शेपटीकडून काळी पडलेली. हौसेने घरी उघडू नका हं. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

*

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, टेस्टरही पेटायचा. दोन दुकानांत 'बोर्ड लीक आहे' ऐकून आलो. वायरमन काकांनी मशीनकडे बघितलंही नाही, थेट सॉकेटमध्ये बल्ब लावला. फेज-न्यूट्रलवर लागला, फेज-अर्थिंगवर नाही. जुन्या वाड्यात तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती! एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट दिसतात, करंट अगदी थोडा. अंगणात खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून प्लेट पुरली. मुंग्या बंद.

*

लाइट गेली की यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट. बॅटरी नवी टाकली, तरी तेच. कारण असं की बऱ्याच नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत खेचणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह काहींना झेपत नाही. प्युअर साइन वेव्हवाला घेतला. महाग पडला, पण सुटलो.

*

आमचा चालू व्हायचा आणि चार-पाच सेकंदांत बंद. सगळ्यांचा संशय एसएमपीएसवर. भाचीने पुढचं बटण नखाने उचकटलं, तर ते आतच अडकलेलं! बटण दाबून धरलं की पीसी बंद होतो, तेच चाललं होतं. तिने पॉवर स्विचची वायर काढून त्या दोन पिनांवर रिसेटची लावली. तेव्हापासून आमच्याकडे पीसी रिसेटच्या बटणाने चालू होतो. पाहुण्यांना सांगावं लागतं.

*

ताई, भाचीला इकडे पाठवा. आमचं पण तसंच होतंय.