मदत हवी आहे: प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या मुलांचं गुणोत्तराचं गणित पक्कं कसं करावं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. वर्गात ऐंशीच्या आसपास मुलं. घरी पावरी किंवा भिली बोली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत.

मोलॅरिटीचं (एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल, याचं) सूत्र सगळ्यांना पाठ आहे. पण ५.८५ ग्रॅम मीठ ५०० मिली द्रावणात असेल तर मोलॅरिटी किती, विचारलं की बहुतेकजण ०.१ वर थांबतात (हे नुसते मोल झाले, द्रावण अर्धाच लिटर आहे हे राहून जातं). उत्तर ०.२ का, हे मराठीत समजावलं तरी पुढच्या गणितात तीच अडचण. म्हणजे भाषेच्या आधी गुणोत्तरच कच्चं आहे, असं माझं मत. मुलं मेहनती आहेत, प्रॅक्टिकलला हात उत्तम चालतो. म्हणूनच ती शिक्षण सोडून जाताना फार वाईट वाटतं.

सुरुवातीला ब्रिज कोर्स (शाळेतल्या पायाची उजळणी) घेतला, महिनाभरात पुसला गेला. द्विभाषिक शब्दसूची दिली, तिचा उपयोग व्याख्यांपुरता. जादा तास जमत नाहीत, कारण बरीच मुलं एसटीने येतात आणि शेवटची गाडी लवकर असते. प्रोजेक्टर नाही, अभ्यासक्रम कापता येत नाही.

गुणोत्तराचा सराव नेहमीच्या तासात किंवा प्रॅक्टिकलमध्येच बसवून कुणाला फरक दिसलाय का? कोणत्या क्रमाने घेतलात, आणि एवढ्या वह्या तपासल्यात कशा?