रासबेरी धुऊन काम भागतंय का?

रासबेरीत साखर कमी, फायबर जास्त आणि ती नळाखाली धुतली की झालं, असं एका पोस्टमध्ये वाचलं. साखर-फायबरचं खरंच आहे. 100 ग्रॅममध्ये साडेसहा ग्रॅम फायबर म्हणजे चेष्टा नाही. (क जीवनसत्त्वासाठी मात्र एवढे पैसे घालवू नका, आमच्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतला पेरू रासबेरीच्या कितीतरी पुढं आहे.) पण "नळाखाली धुतली की झालं" हे पटत नाही. फळ उलटं धरून बघा: आत टोपीसारखं पोकळ, बाहेर बारीक मणी आणि मण्यांवर लव. त्या फटीत अडकलेलं सगळं पाण्यानं निघत नाही. 1996 मध्ये अमेरिका-कॅनडात सायक्लोस्पोरा नावाच्या परजीवीनं चौदाशेवर लोकांना जुलाब झाले, ते ग्वाटेमालाहून आलेल्या ताज्या रासबेरीमुळं. क्लोरीनच्या पाण्यालाही तो दाद देत नाही, उष्णतेनं मरतो. फ्रोझनचंही तेच, गोठवून नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) मरत नाही.

मी राजारामपुरीत एका दुकानातून फ्रोझन डबा आणला होता. घरी बघतो तर सगळा एकच दगड, तळाला लाल बर्फाची वडी. म्हणजे वाटेत एकदा वितळून परत गोठलेला. दुकानदार म्हणतोय, "असंच येतंय ओ!" टाकवेना, म्हणून पातेल्यात चांगला रटरटवून दह्यात घातला. क जीवनसत्त्व थोडं गेलं असेल, फायबर कुठं जातंय? वडिलांना मात्र दिला नाही, त्यांचा मुतखडा ऑक्झलेट नावाच्या क्षाराचा आहे आणि रासबेरीत ते बऱ्यापैकी असतं.