चेहऱ्याचा नकाशा आणि मुखदूषिका
चेहऱ्यावर मुरूम कुठे आलं यावरून कुठला अवयव बिघडलाय ते सांगणारा, 'कपाळावर पुटकुळी म्हणजे पोट, गालावर म्हणजे फुप्फुस' असा एक तक्ता आयुर्वेदाच्या नावावर खपवला जातोय, पण त्याचं माहेर चीन आहे. तिथल्या प्राचीन वैद्यकग्रंथात तापाच्या संदर्भात चेहऱ्याचे भाग वाटून दिलेत: डावा गाल यकृत, उजवा फुप्फुस, कपाळ हृदय, नाक प्लीहा, हनुवटी मूत्रपिंड. तेही कुठे आधी लाली येते यावरून. तिथे मुरुमांचा विषयच नाही!

आपल्याकडे सुश्रुताने मुरुमांना 'मुखदूषिका' म्हटलंय आणि क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत टाकलंय. कफ, वात आणि रक्त बिघडल्याने तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या. (काटेसावरीचं खोड पाहिलेल्याला उपमा लगेच पटेल.) उपाय म्हणून वमन (औषध देऊन उलटी करवणं), शिवाय वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरीचा लेप. मोहरीने माझी तर कातडी सोलली होती, तेव्हा घरी प्रयोग नकोत.

एक मात्र खरं, हनुवटी-जबड्यावर सतत मुरुमं येत असतील, सोबत पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर राठ केस असतील, तर पीसीओएसची (बायकांमधल्या संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्यावी.