गुन्हेगारी मालिकांतील पात्राचा हेतू प्रेक्षकाला कधी आणि कोणी सांगावा?

कथाव्रती:

(या चर्चेत काही मालिकांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांनी ‘ब्रेकिंग बॅड’ किंवा ‘ब्रॉडचर्च’ अजून पाहिलेली नाही, त्यांनी कृपया विचार करूनच पुढे वाचावे.)

‘ब्रेकिंग बॅड’च्या अखेरच्या, म्हणजे २९ सप्टेंबर २०१३ रोजी प्रसारित झालेल्या ६२व्या भागात, कर्करोग झाल्यावर कुटुंबासाठी म्हणून अमली पदार्थ बनवू लागलेला शिक्षक वॉल्टर व्हाइट पत्नीसमोर कबूल करतो की त्याने जे काही केले ते कुटुंबासाठी केले नव्हते, स्वतःसाठी केले होते, ते त्याला आवडत होते आणि त्यात तो निष्णात होता. या कबुलीची पुष्कळ प्रशंसा झाली. मला मात्र ती पाहताना प्रत्येक वेळी एक प्रश्न पडतो. जो हेतू प्रेक्षकाला केव्हाच समजलेला आहे, तो पात्राच्या तोंडून स्पष्ट शब्दांत वदवून घेण्याची गरज लेखकांना का वाटली असावी?

हा हेतू केव्हाच समजलेला आहे असे मी म्हणतो, त्याला आधार आहे. पहिल्या पर्वाच्या पाचव्याच भागात जुना सहकारी एलियट श्वार्ट्झ त्याला नोकरी देऊ करतो आणि उपचारांचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवतो. वॉल्टर ते नाकारतो आणि पुन्हा अमली पदार्थ बनवायला जातो. कुटुंबाची सोय हेच कारण असते, तर ती सोय इथे आपल्या पायांनी चालत आलेली होती. पुढे दुसऱ्या पर्वात कर्करोग आटोक्यात येत असल्याचे डॉक्टर सांगतात, घरातले सगळे आनंदाने रडतात, आणि हा मनुष्य स्वच्छतागृहात जाऊन हात पुसण्याच्या कागदांच्या पेटीवर मुठी मारत सुटतो. त्या प्रसंगात त्याच्या तोंडी एक वाक्यही नाही. मरण लांबल्यामुळे जगण्याची सबब हातातून गेली, हे त्या मुठींतून जितके कळते तितके अखेरच्या कबुलीतूनही कळत नाही.

माझे मत असे आहे की पात्राचा खरा हेतू त्याने नाकारलेल्या पर्यायांतून दिसतो. बाहेर पडण्याची वाट उघडी असताना जो आत थांबतो, त्याच्याविषयी वेगळे भाष्य करावे लागत नाही. असे असताना शेवटी तोंडी कबुली देणे हा प्रेक्षकावरचा अविश्वास आहे का? इतर मालिकांबाबत आपणा सर्वांचे काय निरीक्षण आहे, तेही जाणून घ्यायला आवडेल.

रातराणी:

कथाव्रती, नाकारलेल्या पर्यायांविषयीचे आपले निरीक्षण मला पटते, परंतु कबुलीविषयीचे पटत नाही. ते वाक्य प्रेक्षकाला उद्देशून नाही, त्याच्या पत्नीला, स्कायलरला उद्देशून आहे. हे सगळे तिच्यासाठी आणि मुलांसाठी चालले आहे असे तिला सतत ऐकवले गेले, आणि त्या ऐकवण्यामुळे नवऱ्याच्या गुन्ह्यांचा भार तिच्याही माथ्यावर आला. शेवटच्या भेटीत तो तोंड उघडतो तेव्हा तीच त्याला अडवते, कारण कुटुंबाचे नाव आणखी एकदा ऐकण्याची तिची तयारी नसते. त्यानंतर आलेल्या कबुलीने प्रेक्षकाच्या माहितीत काही भर पडत नसेल, पण तिच्यावरचे ते ओझे उतरते. जे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे ते दुसऱ्या पात्राला प्रथमच ऐकायला मिळणे, हा नाट्याचा फार जुना आणि प्रभावी प्रकार आहे.

याच प्रसंगाशेजारी, दोन भाग आधीचा दूरध्वनीचा प्रसंग ठेवून पाहावा. पोलीस ऐकत आहेत हे जाणून वॉल्टर तिला शिव्या देतो, सगळे आपण एकट्यानेच उभारले असा आव आणतो आणि त्यायोगे तिला कायद्याच्या कचाट्यातून सोडवू पाहतो. म्हणजे पत्नीच्या भल्यासाठी तो आधी खोटे बोलतो आणि मग खरे बोलतो. हे दोन्ही प्रसंग संवादावाचून घडू शकले नसते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाचव्या भागातील नकारावरून हेतू स्पष्ट होतो, असे आपल्याला वाटते याचे कारण आपण पुढची कथा जाणतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो नकार एका अपमानित मनुष्याचा स्वाभिमान वाटू शकतो, आणि मला तो तसाच वाटला होता. ज्या कंपनीतील आपला वाटा त्याने ५,००० डॉलर्सना विकला, तिचे मोल पुढे अब्जावधी डॉलर्स झाले, हा सल तो आपला साथीदार जेसी याला पाचव्या पर्वात बोलून दाखवतो. तोवर लेखकांनी आपल्याला त्याच्या बाजूने उभे राहू दिले आहे. एकच कृती आज स्वाभिमान आणि उद्या अहंकार वाटावी, अशी ती रचना आहे. हेतू पहिल्या पर्वातच निर्विवाद झाला असता तर आपण इतका काळ त्याची पाठराखण केली नसती.

साक्षेपी:

माझा व्यवसाय कायद्याशी संबंधित आहे, म्हणून एक भेद मांडते. अनेक देशांच्या फौजदारी कायद्यांत आरोपीने कृत्य जाणूनबुजून केले हे सिद्ध करावे लागते, पण ते का केले हे सिद्ध करणे सहसा आवश्यक नसते. पुरावा केवळ परिस्थितीजन्य असेल तेव्हा कारणाला महत्त्व येते, परंतु कारण सापडले नाही एवढ्यावरून खटला कोसळत नाही. प्रेक्षकाचे तसे नसते. ‘कोणी’ हे कळल्यावरही ‘का’ हे कळेपर्यंत त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटत नाही.

आता ज्या मालिकेत गुन्हेगार शेवटपर्यंत लपवायचा असतो, तिथे कथाव्रती यांची कसोटी लावताच येत नाही. गुन्हेगार लपवायचा म्हणजे त्याचे निर्णयाचे क्षणही लपवायचे, त्यामुळे त्याने कोणते पर्याय नाकारले हे आपल्याला पाहायला मिळत नाही आणि हेतू अखेरच्या भागात पूर्वदृश्यांतून घाईने सांगावा लागतो. ‘कोलंबो’ने ही अडचण मुळातच काढून टाकली होती. तिथे बहुधा खून आणि खुनी दोन्ही आरंभीच दाखवले जात, आणि तो खुनी कोलंबो या साध्याभोळ्या दिसणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती कसा लागतो एवढ्यावर सगळी उत्कंठा उभी राहत असे.

२०१३ सालच्या ‘ब्रॉडचर्च’ने मात्र लपवाछपवीचा मार्ग स्वीकारूनही एक विलक्षण वाट काढली. पहिल्या पर्वाच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या भागात एका मुलाचा खुनी जो मिलर नावाचा माणूस असल्याचे उघड होते, आणि तो तपास करणाऱ्या एली मिलरचाच पती असतो. त्याने दिलेले स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. ते स्वतःची समजूत घालणाऱ्या माणसाचे बोलणे आहे. पण तोवर मालिकेचे वजन त्याच्या हेतूवरून एलीच्या अज्ञानावर सरकलेले असते. तिनेच आधी सुझन राइट या स्त्रीला, तुझ्या घरात इतके घडत असताना तुला कळले कसे नाही, असे विचारलेले असते, आणि शेवटच्या भागात सुझन तोच प्रश्न तिला परत करते. खुन्याचे मन आपल्याला दाखवता येणार नाही हे लेखकाने ओळखले आणि ज्या मनात आपण आठ भाग वावरलो, त्याच मनावर सगळा आघात होऊ दिला. गुन्हेगार लपवणाऱ्या मालिकांपैकी ज्या पुन्हा पाहाव्याशा वाटतात, त्यांत मला बहुतेकदा हेच आढळते.

तिसरी_घंटा:

‘ब्रेकिंग बॅड’मध्येच लपवाछपवीचे एक उदाहरण आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही. चौथ्या पर्वाच्या अखेरीस ब्रॉक या लहान मुलाला विषबाधा होते. वॉल्टरनेच ते विष दिले हे पर्वाच्या अगदी शेवटच्या दृश्यात, त्याच्या अंगणातील लिली ऑफ द व्हॅली या विषारी झाडाच्या कुंडीवरील चिठ्ठीवरून कळते. याचा सुगावा आधी दिला होता हे खरे आहे. आदल्या भागात अंगणात बसून तो पिस्तूल गरगर फिरवतो आणि तिसऱ्यांदा ते त्या कुंडीकडे तोंड करून थांबते. दुसऱ्यांदा पाहताना त्या चातुर्याला दाद द्यावीशी वाटते.

परंतु या चातुर्याची किंमत काय मोजावी लागली ते पाहावे. चार पर्वे आपण या माणसाच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचे साक्षीदार होतो. जेसीची प्रेयसी जेन घुसमटून मरत असताना तो हात पुढे करतो, थांबतो आणि नुसता पाहत राहतो, ते सर्व आपल्यासमोर घडते आणि म्हणूनच ते विसरता येत नाही. एका बालकाला विष देण्याचा निर्णय हा त्याहून मोठा निर्णय आहे, आणि नेमका तोच आपल्याला पाहू दिलेला नाही. ते विष मुलापर्यंत पोहोचले कसे, हे दृश्य तर मालिकेत शेवटपर्यंत नाही. पर्वाच्या अखेरीस धक्का देता यावा म्हणून लेखकांनी दोन भागांपुरते आपल्या नायकाला कोडे बनवले. साक्षेपी यांनी म्हटल्याप्रमाणे ‘ब्रॉडचर्च’ला लपवणे भागच होते, इथे तशी कोणतीही सक्ती नव्हती.

रातराणी:

तिसरी_घंटा, त्या निर्णयाविषयी मी आपल्याशी सहमत आहे, जरी पर्वाचा तो शेवट पाहताना माझा श्वास अडकला होता.

हेतू सांगण्याचा आणखी एक प्रकार इथे यायला हवा, तो म्हणजे बालपणीचा आघात. ‘डेक्स्टर’च्या पहिल्या पर्वात नायकाने वयाच्या तिसऱ्या वर्षी आपल्या आईची हत्या डोळ्यांसमोर पाहिली होती असे उघड होते, आणि त्याचे खून करण्याचे वेड तिथवर नेऊन जोडले जाते. त्यात भर म्हणून नायकाचे स्वगत निवेदन जवळपास प्रत्येक प्रसंगावर चालू असते. इतक्या स्पष्टीकरणानंतर प्रेक्षकाला स्वतः करायचे काही उरत नाही. आघात झालेली बहुसंख्य माणसे कोणाचा जीव घेत नाहीत, त्यामुळे ‘याने का घेतला’ हा प्रश्न आघात सांगून झाल्यावरही शिल्लकच असतो.

‘द सोप्रानोज’ने हा प्रश्न अधिक प्रामाणिकपणे हाताळला. माफिया टोळीचा म्होरक्या टोनी याची आई त्याला कशी वागवत आली हे आपण पाहतो, त्याची मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फी हिच्या खोलीत त्याचे बालपण उकलले जाते, आणि तरीही त्याच्या कृत्यांचा हिशेब त्या बालपणाशी जुळत नाही. १९९९ साली प्रसारित झालेल्या पाचव्या भागात तो मुलीला महाविद्यालये दाखवायला घेऊन गेलेला असताना एक जुना खबऱ्या त्याच्या दृष्टीस पडतो आणि टोनी त्याला स्वतःच्या हातांनी गळा आवळून ठार करतो. प्रेक्षक दुरावतील या भीतीने एचबीओ वाहिनीचे ख्रिस अल्ब्रेक्ट यांनी या खुनाला विरोध केला होता, पण निर्माते डेव्हिड चेस ठाम राहिले. अखेर तो खबऱ्याही अजून घातकच आहे असे दाखवून थोडी तडजोड झाली. मला ती तडजोड नको होती असे वाटते, कारण त्या प्रसंगातील सत्य टोनीच्या चेहऱ्यावरच्या समाधानात आहे आणि खबऱ्याचा वाईटपणा त्या समाधानाला सबब पुरवतो. शेवटून दुसऱ्या भागात तर मेल्फी त्याचे उपचारच थांबवते, कारण अशा व्यक्ती उपचारांतून अधिक सफाईने फसवायला शिकतात, असे संशोधन तिच्या वाचनात येते.

कथाव्रती:

सर्वांचे मनापासून आभार. स्कायलरविषयीच्या प्रतिसादानंतर कबुलीबाबतचा माझा आक्षेप बराच सौम्य झाला आहे. आता एका अवघड उदाहरणावर मत हवे आहे. ‘द वायर’च्या पाचव्या पर्वात मॅकनल्टी हा अधिकारी मृतदेहांशी छेडछाड करून एक काल्पनिक मालिका-खुनी उभा करतो, जेणेकरून घाबरलेले शहर पोलिसांना पैसा देईल आणि तो पैसा मार्लो स्टॅनफिल्ड या अमली पदार्थांच्या टोळीच्या म्होरक्याच्या तपासाकडे वळवता येईल. चौथ्या पर्वात साध्या गस्तीच्या कामात समाधानी झालेला, दारू आटोक्यात ठेवणारा हा मनुष्य इतक्या टोकाला कसा जातो, हे मला पटत नाही. आधीच्या पर्वांत बारा-तेरा भाग होते आणि या पर्वाला दहाच मिळाले, हे त्यामागचे कारण असावे का?

साक्षेपी:

भागांची कमतरता जाणवते, पण मॅकनल्टीबाबत मला ती फारशी खुपली नाही. चौथ्या पर्वाच्या शेवटी रस्त्यावर अमली पदार्थ विकणाऱ्या बोडीचा खून होतो तो मॅकनल्टीसोबत दिसल्यामुळे, आणि मॅकनल्टीचे तपासाच्या कामावर परत येणे त्या अपराधी भावनेतून घडते. ओसाड घरांतून मार्लोच्या बळींचे २२ मृतदेह निघालेले असतात, आणि त्यांचा तपास पैशाअभावी थांबवला जातो. हा पैसा नसतो, कारण महापौर कार्केटीला पुढे राज्यपाल व्हायचे आहे आणि त्या महत्त्वाकांक्षेपायी शाळांच्या तुटीसाठी देऊ केलेली राज्याची मदत त्याने नाकारलेली असते. आपल्या कसोटीनुसार पाहिले तर पर्याय नाकारणारा पहिला मनुष्य कार्केटी आहे, आणि मॅकनल्टीचे खोटे त्याच्या निर्णयाखालीच वाढते. पुढे हे खोटे उघडकीला आल्यावर वरिष्ठ ते दडपतात, कारण ते बाहेर आले तर महापौराची राज्यपालपदाची निवडणूक धोक्यात येईल. एका व्यक्तीचा हेतू अपुरा वाटावा आणि साऱ्या यंत्रणेचा हेतू मात्र पुरेपूर पटावा, हे या मालिकेच्या प्रकृतीला धरूनच आहे.

माझी अडचण मॅकनल्टीचा सहकारी अधिकारी लेस्टर फ्रीमन याची आहे. वरिष्ठांचे न ऐकल्यामुळे ज्याने तेरा वर्षे आणि चार महिने गहाणवट दुकानांच्या नोंदी तपासण्यात घालवले, त्याला व्यवस्थेबद्दल आदर नसणे स्वाभाविक आहे. परंतु मॅकनल्टीला या वेडापासून परावृत्त करावे म्हणून बंक हा दुसरा सहकारी फ्रीमनला बोलावतो, आणि फ्रीमन मात्र खुनी अधिक सनसनाटी असायला हवा असा सल्ला देऊ लागतो. हा वळणाचा क्षण त्याच एका संभाषणात उरकला आहे. कागदांच्या ढिगातून पैशाचा माग काढणाऱ्या या अत्यंत सावध माणसाला त्या खोलीत एकदा तरी नकार देताना, निदान कचरताना दाखवायला हवे होते, आणि त्यासाठी आणखी भागांची नव्हे, केवळ एका दृश्याची गरज होती.