अनुभव धागा : मुलांच्या बाजूने बसताना

इंदुरात बाल कल्याण समितीपुढे (संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेते ती), पॉक्सो कोर्टात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालतात तिथे) किंवा वस्तीत मुलांसाठी धावपळ करणाऱ्यांनी इथे लिहावं. मुलाचं नाव, वस्ती, शाळा काही नको. ओळख उघड करणं गुन्हा आहे. नवीन कुणी विचारलं तर नियम मी सांगू शकते. दिवस कसा जातो ते तुम्ही सांगा.

रामबाग, निवृत्त शिक्षिका
समितीने मला सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्यात मुलाच्या सोबतीला राहणारी, नेमलं तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, आधी परवानगी काढून तिला रिकामं कोर्ट दाखवलं. तिचा एकच प्रश्न : "वो मुझे दिखेगा क्या?" पॉक्सो कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेला पडता कामा नये. पडदा कुठे लागेल ते दाखवल्यावर तिने मला आरोपीच्या जागी उभं केलं, स्वतः पडद्यामागे गेली आणि मी दिसत नाही याची दोनदा खात्री करून घेतली.

पेशीच्या दिवशी अकराला पोचलो, पुकारा साडेतीनला. तोवर ती माझ्या मांडीवर झोपली. आत बचावाचे वकील थेट तिलाच विचारू लागले. पॉक्सोत प्रश्न न्यायाधीशांमार्फतच जायला हवेत. मला तिथे बोलता येत नाही, पण सरकारी वकिलांशी आधीच बोलून ठेवलं होतं. ते लगेच उठले. मध्ये तिने पाणी मागितलं आणि सगळं कोर्ट थांबलं. तेव्हा तिची पाठ जरा ताठ झाली, ती मी पाहिली.

सुदामानगर, बँकेत नोकरी
मला बोलावलं ते मराठी येते म्हणून. स्टेशनवर सापडलेला मुलगा, २४ तासांच्या आत समितीपुढे आणलेला, कागदावर शेरा "बोलत नाही". माझी आजी धुळ्याची. तिच्या बोलीत विचारलं, "तुले भूक लागनी का?" आणि तो बोलायला लागला. गाव कळलं, तसं मला वाटलं आजच गाडीत बसवू. दुसऱ्या भेटीत त्याने पाठीवरचे वळ दाखवले. मग त्याच्या जिल्ह्यातून घरचा अहवाल मागवला, तोवर बालगृह, शेवटी मामाकडे. माझी पहिल्या दिवसाची घाई आजही मला झोपू देत नाही.

मल्हारगंज
नवरा गेलेली बाई दोन्ही मुलांना संस्थेत ठेवायला निघाली होती, फक्त पैशांपायी. कायदा तर म्हणतो, संस्था हा शेवटचा उपाय. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत मूल घरीच राहावं म्हणून एका मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात. शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. एका दाखल्यासाठी त्या एकट्या चार वेळा परत आल्या होत्या. पाचव्यांदा मी नुसती बरोबर गेले आणि काम झालं. याचा मला फार राग येतो. मुलं घरीच आहेत.

स्नेहलतागंज
मी दोन वर्षांनी थांबलो. रात्री घरी येऊन स्वतःच्या मुलीशी बोलता येईना. ज्यांना हे होतंय त्यांनी समितीला वेळेवर सांगा. मी एका तारखेला न सांगता गैरहजर राहिलो, आणि ते मूल दिवसभर एकटं बसलं.

नवीन सदस्य
रामबागच्या ताई, पुढच्या आठवड्यात माझी पहिली पेशी. बरोबर काय नेऊ?

रामबाग, निवृत्त शिक्षिका
डबा दोघींना पुरेल इतका. आणि आवाज न होणारं काहीतरी हाताला हवं. मी लोकर नेते. तिने त्या दिवशी वीतभर साखळी विणली, बयानाच्या वेळी ती मुठीतच होती.